मोहमूद आणि मॉरिसनच्या मध्ये

फोन थरथरला नाही. मयूराने बटण दाबलं, स्क्रीनवर हिरवी पट्टी उमटली, म्हणजे पॉइंट कुक या उपनगरातल्या पन्नास-साठ आईबापांच्या खिशात, पर्समध्ये, गाडीच्या डॅशबोर्डवर शाळेचा निरोप जाऊन पडला की तुमचं मूल आज वर्गात नाही, कारण कळवा; आणि तिच्या स्वतःच्या कार्डिगनच्या खिशातला फोन तेवढा गप्प राहिला. असं कधी होत नसे. शाळेच्या प्रत्येक दिवशी ती बटण दाबायची आणि आपणच मारलेला खडा फिरून आपल्यालाच लागावा तसा तो निरोप तिच्या खिशात येऊन गुरगुरायचा. सवयीने तिचा उजवा हात बटणावरून निघून सरळ खिशात जायचा, आवाज दाबायचा, आणि काउंटरपलीकडे जे कुणी उभं असेल त्याच्याशी ती वाऱ्याबद्दल बोलायला लागायची. आजही हात खिशात गेला होता. तिथे काहीच घडलं नाही तेव्हा तो हात तिला परक्या बाईचा वाटला. तिने फोन बाहेर काढून पाहिला. चार्ज होता, नेटवर्क होतं, येताना दूध आण असा नवऱ्याचा, शैलेंद्रचा, मेसेजही होता. कुशल मोकाशी आज गैरहजर आहे, एवढंच नव्हतं.

शाळेची हजेरी हे तिचं काम होतं. शिक्षक आपापल्या वर्गात मुलांच्या नावापुढे खुणा करत, त्या सगळ्या तिच्या स्क्रीनवर गोळा होत, आणि कारण न कळवता घरी राहिलेल्या मुलांच्या घरी ती निरोप धाडायची. ज्या बाईने गावच्या पोरांना शाळेत आणायचं तिचंच पोर घरी. दिव्याखाली अंधार, असं तिला तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. इथल्या लोकांना ती म्हण ठाऊक नव्हती, आणि ज्यांना ठाऊक होती त्या मराठी मंडळातल्या बायकांच्या वाटेला ती आताशा जात नव्हती. म्हणून ती स्वतःच स्वतःला म्हणून घ्यायची. कुशल वाया गेलेला नव्हता. वाया गेला असता तर बरं, असंही एकदा शैलेंद्र म्हणाला होता, निदान भांडता तरी आलं असतं. तो अकरावीत होता तेव्हाची एक साधी सकाळ. बूट घातले, दप्तर घेतलं, गाडीत तिच्या शेजारी बसला, आणि शाळेच्या फाटकाशी गाडी थांबल्यावर उतरलाच नाही. ‘आई, आय कान्ट,’ म्हणाला. तिला वाटलं गणिताची टेस्ट असेल. ‘उतर रे, नाटकं नकोत,’ ती म्हणाली, कारण मागे गाड्या खोळंबल्या होत्या आणि तिला स्वतःलाच उशीर होत होता. मग तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. सीटबेल्ट धरलेली बोटं पांढरी पडली होती. त्यानंतर आधी शाळा गेली, मग क्रिकेट, मग मित्रांचे फोन, आणि शेवटी घरातल्या घरात जेवणाचं टेबलही गेलं. दारावर टकटक करून ताट खाली ठेवायचं आणि जिना उतरून यायचं. दोन आठवड्यांपूर्वी तो अठरा वर्षांचा झाला, तेव्हा केकसुद्धा तसाच दारात ठेवला होता. सकाळी बशी स्वच्छ धुतलेली मिळाली, यावर नवराबायको दिवसभर समाधान मानून राहिले.

तर फोन थरथरला नाही, आणि मयूराच्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते इतकं वेडं होतं की तिने ते स्वतःला पुरतं वाचूही दिलं नाही. खुर्ची मागे सरकवून ती उठली. हातात काहीतरी असावं म्हणून संध्याकाळच्या कार्यक्रमाची छापील पत्रकं उचलली आणि बारावीच्या इमारतीकडे निघाली. हा कार्यक्रम म्हणजे या भागातल्या चार शाळांचा मिळून एक वार्षिक सोहळा. मुलांनी वर्षभरात काय मिळवलं, शिक्षक-कर्मचाऱ्यांनी काय केलं, शाळा सोडून गेलेल्यांनी पुढे काय नाव काढलं, हे सगळं एका संध्याकाळी एका हॉलमध्ये. मैदान ओलांडताना खाडीकडून येणारा वारा पत्रकं ओढत होता आणि ती छातीशी कवटाळून मयूरा चालत होती, जवळजवळ पळत होती. तो आला असेल. तिला न सांगता, पाठीमागून, सायकलवर. मुलं अशी येतात. एका सकाळी उठतात आणि बरी होतात, तापाचं नाही का तसं होत. आला असेल तर आपण आत जायचं नाही, ओरडायचं नाही, मिठी तर मुळीच मारायची नाही. सायकॉलॉजिस्टने बजावलं होतं, तो खोलीबाहेर आला तर गाजावाजा करू नका, गाजावाजा केलात की तो परत आत जाईल. नुसतं काचेतून बघायचं. त्याच्या वर्गाच्या दारातल्या काचेतून तिने पाहिलं. अमीना मोहमूद मान खाली घालून काहीतरी खोडत होती. तिच्या शेजारी कुशलची खुर्ची. खुर्चीवर जेड मॉरिसनची बॅग. पलीकडे जेड, तिने मयूराला पाहिलं आणि हात हलवला, आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने ती बॅग खुर्चीवरून उचलून खाली ठेवली. मयूराने हसून पत्रकं उंच करून दाखवली, जणू ती दाखवायलाच ती आली होती. परत येताना तिने वाऱ्याला दोन-चार पत्रकं नेऊ दिली.

आता तिने जे आधी करायला हवं होतं ते केलं. स्क्रीनवर M या अक्षरापाशी ती रोज डोळे मिटल्यासारखी पुढे सरकायची. आज थांबली आणि मोकाशी उघडलं. गैरहजर, पण पुढे कारण: घरून कळवलं आहे. कारण कळवलेल्यांना निरोप जात नाही, म्हणून फोन गप्प. नोंद करणाऱ्याचं नाव विनिफ्रेड. घरून म्हणजे शैलेंद्र. गेल्या आठवड्यापासून त्याने धोशा लावला होता की कुशलचं नाव शाळेतून काढून टाकू या, मोकळा करू या त्याला, पुढे वाटलं तर टेफमध्ये, इथल्या सरकारी व्यवसाय-शिक्षणाच्या कॉलेजात, एखादा कोर्स करेल. उपमुख्याध्यापिका ग्लेनिसने विचारलंच होतं, पुढच्या वर्षी कुशलची जागा ठेवायची का? शुक्रवारपर्यंत सांग, लव्ह, घाई नाही. घाई नाही म्हणून शुक्रवार. ती ट्रुगनिनाच्या वेअरहाउसमध्ये प्लॅनर असलेल्या आपल्या नवऱ्याला फोन लावून स्टोअररूममध्ये गेली. ‘शाळेत फोन तू केलास?’ ‘कुठल्या शाळेत?’ शैलेंद्र म्हणाला. मागे फोर्कलिफ्टचं पीं-पीं चाललं होतं. ‘मी सकाळपासून खाली फ्लोअरवर आहे, मयूरा. काय झालं? तो ठीक आहे ना?’ ‘ठीक आहे,’ ती म्हणाली. ‘दूध आणते.’

मग उरली विनिफ्रेड, आणि मयूराला सगळं लख्ख कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. विनिफ्रेड वसईची. रिसेप्शनला बसायची, फोन घ्यायची, आणि रविवारी चर्चनंतर न चुकता काहीतरी डब्यातून आणून मयूराच्या दाराशी ठेवून जायची. शाळेत मराठी बोलायला तिला विनिफ्रेड आणि विनिफ्रेडला ती. विनिफ्रेडने कीव केली. आज मयूरा स्टेजवर उभी राहणार, शेकडो मुलांची नावं वाचणार, तर आजच्या दिवस तरी तिला तो निरोप नको जायला, म्हणून आपल्या मनाने एक कारण ठोकून दिलं. आपल्याकडे हे असंच चालतं. ओळखीचा कारकून असला की हजेरी भरते, वय बदलतं, जातीचा दाखला आठवड्यात हातात पडतो, आणि वर कुणी उपकार बोलून दाखवत नाही. मयूरानेही दुसरं काय केलं होतं? मंडळाच्या दिवाळीत नव्वदच्या वर मार्क मिळवणाऱ्या मुलांचा नारळ देऊन गुणगौरव होतो. तिथे कुणी विचारलं, कुशल दिसत नाही, की ती म्हणायची, अगं घरूनच करतो आता, ऑनलाइन. झाकली मूठ. पण आपली मूठ आपण झाकावी. दुसऱ्याने येऊन आपल्या मुठीवर हात ठेवला की आत काही नाही हे त्यालाही ठाऊक आहे, हे कळतं. तिला राग आला. दुपारी विनिफ्रेडने चहाचा कप पुढे केला तेव्हा ती ‘नको, ॲसिडिटी आहे’ म्हणाली आणि त्याच मिनिटाला किचनमध्ये जाऊन स्वतःचा वेगळा चहा करून प्याली. विनिफ्रेडने ते पाहिलं. पाहू दे, मयूरा मनात म्हणाली, आणि चहा कडू लागला.

नावं वाचायचं काम तिच्याकडे सहा-सात वर्षांपूर्वी आलं, ते भांडून आलं. त्या वर्षी एका बड्या पाहुण्याने नावं वाचली होती. गुयेन या व्हिएतनामी आडनावाचं काहीतरी भलतंच, सामोअन मुलाच्या नावाचे तुकडे, आणि एका सुदानी मुलीच्या नावापाशी तर हसून ‘सॉरी, आय वोन्ट इव्हन ट्राय’. ती मुलगी स्टेजवर चढली, तिची आजी पहिल्या रांगेत बसली होती, रंगीत कापड डोक्यावरून घेऊन, टाळी वाजवायला हात वर करून. आणि तिला कळलंच नाही की ही आपली नात, कारण नाव आलंच नव्हतं. ते हात तसेच वर राहिले. मयूरा दुसऱ्या दिवशी ग्लेनिसच्या ऑफिसात गेली आणि म्हणाली, पुढच्या वर्षी मी वाचते. तेव्हापासून दर सप्टेंबरात ती घरोघर फोन करायची. शाळेचा नंबर दिसला की पलीकडची आई आधी घाबरायची. काय केलं त्याने? आजारी आहे का? नाही हो, काही केलं नाही, त्याचं नाव पुकारायचं आहे, तुम्ही घरी कसं म्हणता ते मला एकदा म्हणून दाखवा. मग एखादी लाजत म्हणायची, एखादी तीनदा म्हणायची, एखादी रडायचीसुद्धा. मयूराला ते फोन फार आवडायचे. वर्षभर ती ज्यांना मूल नसल्याचं कळवायची त्यांना एकदा तरी मूल असल्याचं विचारायची. कुशल नववीत, दहावीत असताना तोच तिचा गुरुजी होता. ती पोळ्या लाटायची, तो ओट्यावर पाय सोडून बसून नाव सांगायचा, ‘नो, आई, तू फार जोर लावतेस, इट्स सॉफ्ट.’ त्याचा कान तयार होता. या वर्षी ती एकटीच ओट्यापाशी म्हणत राहिली, आणि एकदा वरच्या मजल्यावरचं दार किंचित उघडं दिसलं तेव्हा मुद्दाम एक नाव चुकीचं म्हणाली. वरून कुणी दुरुस्त केलं नाही.

संध्याकाळी हॉल भरला. पॉलिश केलेल्या लाकडाचा, सॉसेज रोल्सचा आणि नव्या कपड्यांचा वास. या भूमीच्या मूळ आदिवासी मालकांना प्रथेप्रमाणे वंदन झालं, प्राथमिक शाळेच्या पोरांनी वाद्यं वाजवली, त्यातलं एक सतत मागे पडत होतं आणि त्यालाच सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. मयूरा स्टेजच्या कडेला पडद्यामागे खुर्चीवर बसली होती. इस्लामपूरला लहानपणी तिने गुणगौरव पाहिले होते. तिथे टाळ्यांनाही उतरंड असायची, पहिल्याला कडकडाट, दुसऱ्याला बऱ्या, आणि उत्तेजनार्थला लोक हात चोळल्यासारखे करायचे. इथे सगळ्यांना सारख्याच. सुरुवातीला तिला ते खोटं वाटे. दयाळूपणासाठी बक्षीस, सुधारणेसाठी बक्षीस, चुकत नाही म्हणून नव्हे तर चुकलं तरी पुन्हा येतो म्हणून बक्षीस. मग बक्षिसाला अर्थ काय? आता तिला त्या टाळ्यांची इतकी भूक लागली होती की त्यातली एखादी उष्टी जरी कुशलसाठी घरी नेता आली असती तरी तिने पदरात बांधून नेली असती. शाळेबाहेरच्या क्रॉसिंगवर ‘थांबा’ लिहिलेली पाटी धरून उभा राहणारा म्हातारा कर्मचाऱ्यांच्या सन्मानाला पुढे आला, कोट घालून, पाटीशिवाय हातांचं काय करावं हे न कळून. माजी विद्यार्थ्यांत एक मुलगी अँब्युलन्सच्या गणवेशात आली, आता पॅरामेडिक होती. एके काळी मयूराने जिच्या घरी सगळ्यात जास्त निरोप पाठवले असतील अशी ती पोर. ती माइकवर म्हणाली, ‘आय वॉज नेव्हर हिअर, हाफ द टाइम,’ आणि लोक हसले. मयूराला हसू आलं नाही. तिने त्या मुलीच्या आईला शोधलं. ती मागे, दाराशी उभी होती आणि हसत नव्हती.

आता बारावी संपवून निघणाऱ्या सगळ्या मुलांची नावं, आडनावांच्या क्रमाने, म्हणजे मयूराची पाळी. ती उठली तेवढ्यात विनिफ्रेड पाण्याचा ग्लास घेऊन आली. ‘घे, घसा सुकेल,’ ती म्हणाली. ‘विनी, एक सांगू?’ मयूराने ग्लास घेतला नाही. आवाज कुजबुजीचा होता, पण त्यात सगळी दुपार साठली होती. ‘मला कुणाची कीव नको. माझ्या मुलाचं काय ते मी बघेन. तू सकाळी परस्पर कारण टाकलंस. मी मागितलं होतं का? नियमाने जो निरोप येतो तो मला येऊ दे.’ ‘मी टाकलं?’ विनिफ्रेड म्हणाली. ‘येडी की काय तू? माझी नोकरी जाईल, मयूरा. फोन आला म्हणून टाकलं.’ ‘कुणाचा? शैलेंद्रने केला नाही, मी विचारलं.’ स्टेजवर ग्लेनिस कसलंसं लांबलचक आभार मानत होती. विनिफ्रेडने ग्लास खाली ठेवला. ‘मी त्याला प्रॉमिस केलं होतं, आज तुला सांगणार नाही म्हणून. आता तू असं तोंड करून माइकवर जाणार असशील तर गॉड मला माफ करेल. कुशलचा फोन होता.’

मयूराला ते वाक्य कळलं नाही. कुशल फोनवर बोलत नसे. पिझ्झावाल्याशीही नाही. आजीचा इस्लामपूरहून वाढदिवसाला फोन आला तेव्हा तो फोन हातात घेऊन नुसता उभा राहिला होता, ती पलीकडून हॅलो हॅलो करत राहिली आणि याच्या कपाळावर घाम. ‘पहिल्यांदा कोणी बोलेचना,’ विनिफ्रेड सांगत होती, ‘नुसता श्वास. मी म्हटलं कोण टवाळ पोरगा आहे, ठेवला. परत वाजला. परत तेच. मग माझ्या लक्षात आलं, हे कोणीतरी बोलायला बघतंय. मी म्हटलं, टेक युअर टाइम, डार्लिंग, आय ॲम नॉट गोइंग एनीव्हेअर. दोन माणसं काउंटरला उभी होती, त्यांना मी हाताने थांबवलं. मग म्हणाला, धिस इज कुशल मोकाशी, आय वोन्ट बी इन टुडे, कॅन यू पुट इट डाउन प्लीज, सो मम डझन्ट गेट द टेक्स्ट. शीज रीडिंग टुनाइट. मी म्हटलं, बाबा, हे पेरेंटनेच कळवायला लागतं. तर म्हणतो, आय ॲम एटीन नाऊ. आय कॅन डू इट मायसेल्फ.’ विनिफ्रेडचे डोळे भरले होते. ‘करू शकतो ना तो. अठराच्या पुढे चालतं. मग टाकलं मी. कीव म्हणे.’ मयूराने तिचा हात धरला, फार घट्ट, आणि तेवढ्यात ग्लेनिसने तिचं नाव घेतलं.

दिव्यांमुळे समोरची माणसं दिसत नव्हती, आणि ते बरंच होतं. ती वाचायला लागली. नावं तिच्या तोंडात तयार होती, ती आपली आपण निघत गेली. एकेक मूल डावीकडून चढत होतं, ग्लेनिसचा हात हलवत होतं, उजवीकडून उतरत होतं, आणि अंधारात कुठे ना कुठे एखादं घर किंचाळत होतं. गुयेन अजून लांब होते. सामोअन नाव आलं, तिने ते हळू, त्याच्या आजोबांनी म्हटलं होतं तसं म्हटलं आणि कोपऱ्यातून एक जाड आवाज उठला. वाचणारी बाई वाचत होती आणि तिच्या आत दुसरी बाई बसून होती. ती म्हणत होती, त्याने फोन केला. खोलीत, पलंगाच्या कडेला बसून. नंबर लावला आणि बोलता येईना. परत लावला. विनिफ्रेडने ठेवला तेव्हा त्याला काय वाटलं असेल? परत लावला. माझ्यासाठी. मला रोज तो निरोप येतो हे त्याला माहीत होतं. म्हणजे रोज सकाळी त्या वेळेला तोही वर जागा असायचा, आता आईच्या खिशात फोन वाजला असेल हे मोजत. मी समजत होते की ते माझं एकटीचं दुखणं आहे. ‘अमीना मोहमूद,’ ती म्हणाली. अमीना चढली, हात हलवला, उतरली. टाळ्या थांबल्या. जेड मॉरिसन पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. सातवीपासून रोज सकाळी वर्गात या दोन नावांच्या मध्ये एक नाव पुकारलं जात होतं. तिने ते म्हटलं नाही. तिला ते म्हणायचा हक्क नव्हता, त्याने शाळा पुरी केली नव्हती, आणि त्याने इतकं करून जो निरोप थांबवला तो तिने माइकवरून सगळ्या पॉइंट कुकला द्यायचा नव्हता. पण त्याच्यावरून उडी मारून पुढेही जाता येईना. ती उभी राहिली. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. जेड तिच्याकडे बघत होती, आणि जेडने पाय पायरीवरून मागे घेतला, थांबली, जणू पुढे कुणीतरी चढायचं आहे. मग मयूरा म्हणाली, ‘जेड मॉरिसन.’

शेवटी चहापाण्याच्या गर्दीत एक गृहस्थ तिच्यापाशी आले, लाल चेहऱ्याचे, खूश. ‘यू ब्युटी,’ ते म्हणाले, ‘ऑल दोज टंग-ट्विस्टर्स, अँड यू चोक्ड ऑन अस!’ हे जेडचे वडील, मॉरिसन. ती त्यांच्याबरोबर पोटभर हसली. विनिफ्रेडला तिने सगळ्यांसमोर मिठी मारली आणि म्हणाली, ‘विनी, मी मूर्ख आहे.’ ‘ते मला तू इथे कामाला लागलीस तेव्हाच कळलं,’ विनिफ्रेड म्हणाली आणि तिच्या हातात सॉसेज रोलांनी भरलेली प्लेट दिली, वर कागदी रुमाल दाबून. गाडीत बसल्यावर मयूरा रडली. आनंदाने की कशाने ते तिने शोधत बसायचं नाही असं ठरवलं. एवढ्या मोठ्या संध्याकाळी सगळ्यांनी सगळ्यांचं सगळं साजरं केलं, आणि त्या भागातल्या चारही शाळांत मिळून जे सगळ्यात अवघड काम आज एका मुलाने केलं होतं ते साजरं करायची तिला मनाई होती. घरी जाऊन दार वाजवायचं नाही. शाबास म्हणायचं नाही. शैलेंद्रला सांगायचं, तेही हळू. ती दूध आणायला विसरली.

घरी शैलेंद्र हॉलमध्ये टीव्हीसमोर झोपला होता. किचनमध्ये दिवा होता आणि फ्रिजच्या उजेडात कुशल उभा होता, अनवाणी, वाढलेल्या केसांनी, अजूनही थोडा वाकून, कारण वर्षभरात तो उंच झाला होता आणि ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मयूराने प्लेट ओट्यावर ठेवली आणि पर्स उघडून त्यात उगाच काहीतरी शोधायला लागली. ‘दूध नाहीये,’ तो म्हणाला. ‘राहिलं रे माझ्याकडून.’ ‘ऑल गुड.’ त्याने रुमाल उचलून एक रोल घेतला आणि थंडच खाल्ला. तिला वाटलं तो आता वर जाईल. तो गेला नाही. ‘आय वॉच्ड द स्ट्रीम,’ तो म्हणाला. ‘यू स्टॉप्ड बिफोर जेड.’ ‘हो.’ ‘दॅट्स व्हेअर आय गो.’ ‘हो,’ ती म्हणाली, आणि पर्समधून हात बाहेर काढला. ‘लोकांना वाटलं, मी अडकले.’ ‘गुड,’ तो म्हणाला, आणि दुसरा रोल घेतला.

फोनबद्दल ती काही बोलली नाही. बोलली असती तर तिथेच किंचाळली असती. पण दुसरं एक बोलायचं राहिलं होतं, आणि ते आपण शैलेंद्रशी बोललो, ग्लेनिसशी बोललो, सायकॉलॉजिस्टशी, देवाशी बोललो आणि ज्याचं आहे त्याला विचारलंच नाही, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. मुलगा अठरा वर्षांचा आहे हे तिच्याआधी रिसेप्शनला कळलं होतं. ‘कुशल,’ ती म्हणाली, ‘ग्लेनिस विचारतेय, पुढच्या वर्षी तुझं नाव शाळेत ठेवायचं का. नको असेल तर नको. बाबाला वाटतं काढावं. मला काय वाटतं ते सोड. तुला काय हवं?’ तो बराच वेळ खात राहिला. घास संपला तरी चावत राहिला. फ्रिजचं दार उघडं राहिल्याची घंटी वाजायला लागली, आणि त्याने ते पाठीने ढकलून बंद केलं. ‘कीप इट,’ तो म्हणाला. मग लगेच, तिच्या चेहऱ्याकडे न बघता, ‘बट आय माइट नॉट कम. लाइक, ॲट ऑल.’ तिने ओट्याची कड धरली. गेल्या दीड वर्षात तिने त्याला जे जे सांगितलं होतं, उठ, जा, प्रयत्न कर, एकच दिवस, माझ्यासाठी, ते सगळं तिच्या तोंडाशी आलं आणि तिथूनच मागे गेलं.

‘नाही आलास तरी चालेल,’ मयूरा म्हणाली. ‘नाव असू दे.’